सायकलमार्गाचे चुकलेले गणित

रुंद रस्त्याच्या कडेला फरशा बसवल्या, त्यांना तांबडा रंग दिला आणि आरंभी सायकलीचे चित्र असलेली पाटी उभी केली, की सायकलस्वाराच्या सुरक्षिततेचा प्रश्न सुटला, अशी आपल्याकडील नगर-प्रशासनांची समजूत आहे. ही समजूत नुसती भाबडी असती, तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण ती धोकादायक आहे. मोटारींच्या वर्दळीतून वाट काढणारा सायकलस्वार निदान सावध तरी असतो. ‘हा मार्ग तुझा’ असे सांगून ज्याला आत घेतले, तो निर्धास्त असतो. आणि नेमका तेथेच त्याच्या चाकापुढे विजेचा खांब येतो, गटाराचे वर आलेले झाकण येते, नाहीतर पाठमोरा चालणारा एखादा वृद्ध अचानक बाजूला सरकतो.

पुण्याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ‘सायकलींचे शहर’ ही या शहराची एके काळची ओळख. सायकलीचा कर भरून मिळणारा पत्र्याचा बिल्ला, रात्री दिवा नसल्यास किंवा डबलसीट नेल्यास होणारा दंड, शाळा-कचेऱ्यांच्या आवारातील सायकलींच्या लांबच लांब रांगा, हे सारे वयस्क पुणेकरांच्या स्मरणात अजून ताजे आहे. त्या वेळी सायकलींना वेगळा मार्ग लागत नव्हता, कारण बहुतेक सगळा रस्ताच त्यांचा होता. पुढे स्वयंचलित दुचाकी आल्या, मोटारी आल्या आणि २०१८ मध्ये तर शहरातील नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्याही पुढे गेल्याचे जाहीर झाले. या प्रवासात सायकल रस्त्याच्या मध्यावरून कडेला आणि कडेवरून पदपथावर ढकलली गेली. २००६ च्या डिसेंबरात स्वारगेट-कात्रज मार्गावर जलद बससेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या योजनेत सायकलमार्गही होते. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या जाळ्याची कल्पना मांडलेली आहे. त्याच महिन्यात भाड्याच्या सायकलींच्या योजनाही वाजतगाजत सुरू झाल्या आणि दोन-तीन वर्षांत रस्त्यांवरून दिसेनाशाही झाल्या. कागदावर, म्हणजे, उणीव कशाचीच नाही.

तरीही या मार्गांवर आज नित्याचा सायकलस्वार सहसा दिसत नाही. तो शेजारच्या रस्त्यावर, बसच्या आणि ट्रकच्या बगलेत, जीव मुठीत धरून सायकल हाकत असतो. हा सायकलस्वार कोण? सकाळी शिरस्त्राण घालून व्यायामाला निघणारा हौशी गृहस्थ, त्याचे येथे फारसे अडत नाही. तो गर्दीची वेळ टाळू शकतो. प्रश्न आहे तो रात्रपाळी संपवून परतणाऱ्या पहारेकऱ्याचा, डब्याची पिशवी हँडलला अडकवून बांधकामावर जाणाऱ्या गवंड्याचा, घरोघर वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोराचा आणि शाळकरी मुलांचा. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांतील मुलींना शाळा सुटू नये म्हणून शासनच सायकली देते. ज्यांना सायकलीवाचून दुसरा पर्याय नाही, अशांचा हा वर्ग आहे. तो नव्या मार्गाकडे पाठ फिरवतो, याचा अर्थ त्याला शिस्त नाही असा लावला जातो. वस्तुतः त्याने तो मार्ग वापरून पाहिलेला असतो.

मूळ दोष आहे तो ‘सामाईक’ या शब्दात. वेगळी जागा काढणे कठीण, म्हणून पादचारी आणि सायकलस्वार यांना एकाच पट्टीत बसवायचे आणि मध्ये फार तर एक रेघ ओढायची, ही पद्धत सर्रास रूढ झाली आहे. आता थोडा हिशेब करून पाहावा. भारतीय रस्ते परिषदेने, म्हणजे ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ने, १९६२ सालीच सायकलमार्गांविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. हँडलपाशी मोजलेली सायकलीची रुंदी ४५ ते ५० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना २५-२५ सेंटिमीटर मोकळी जागा, म्हणून एका सायकलीला एक मीटर; दोन सायकलींना दोन मीटर; आणि ओलांडून पुढे जाण्याची सोय हवी असेल तर तीन मीटर, असा तो सरळ हिशेब होता. पदपथांविषयीच्या परिषदेच्याच निकषांत चालणाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर निर्वेध रुंदी सांगितली आहे. दोन्हींची बेरीज पावणेचार मीटरांच्या वर जाते. मग तीन मीटरांच्या पदपथावर मधोमध रेघ ओढून काय साधते? चालणाऱ्याची जागा कमी होते आणि सायकलस्वाराला पुरेशी मिळत नाही. त्यातच झाडाचा पार, वीजमंडळाची पेटी आणि बसथांब्याचे छप्पर आले, की उरलेल्या वाटेवर दोघांची गाठ पडणे अटळ होते.

वेगाचा हिशेब याहून निष्ठुर आहे. माणूस ताशी चार-पाच किलोमीटरने चालतो. साधी सायकल ताशी पंधराने जाते. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर त्या अवधीत ती सहा मीटर पुढे गेलेली असते आणि थांबेपर्यंत आणखी चार-साडेचार मीटर जातात. एकूण झाले साडेदहा मीटर. ताशी पंचवीस किलोमीटर वेग आणि अडीचशे वॉटपर्यंतची शक्ती असलेल्या विजेच्या सायकलींना आपल्याकडे नोंदणीचे बंधन नाही; त्याच हिशेबाने अशी सायकल थांबायला बावीस-तेवीस मीटर लागतात. पावसात ओल्या फरशीवर हे अंतर वाढते. वळणावर जाहिरातीचा फलक किंवा वाढलेली मेंदी असेल, तर पुढचे दहा मीटर दिसतच नाहीत. अशा जागी घंटी वाजवून काय होणार? ऐकणारा दचकून नेमका कोणत्या बाजूला सरकेल, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. अंध माणसाची स्थिती तर विचारूच नये. एकाच पातळीवरच्या, एकसारख्या फरशांच्या दोन पट्ट्यांमधली रंगवलेली सीमा त्याच्या काठीला कशी कळावी?

दुसरा दोष आडव्या-उभ्या अडथळ्यांचा. दुचाकीवाले आत घुसतात म्हणून सायकलमार्गाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवले जातात. दुचाकीवाले तरीही कोठून तरी वाट काढतात आणि खांब मात्र सायकलस्वाराला भोवतात. दिवसा एकामागून एक चाललेल्या सायकलींमध्ये मागच्याला पुढचा खांब शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. रात्री, दिवे बंद असताना, पहिल्यालाही दिसत नाही. मुलांच्या अपघाती मृत्यूंविरुद्ध १९७० च्या दशकात उठलेल्या आंदोलनानंतर ज्या नेदरलँड्सने सायकलमार्गांचे जाळे चिकाटीने विणले, तेथेही असे खांब हे सायकलस्वार पडण्याचे एक ओळखीचे कारण ठरले. तेथील रचनाकारांचा आजचा सल्ला सोपा आहे: खांब शक्यतो नकोच, अगदी अपरिहार्य असेल तर तो उठून दिसला पाहिजे, दोन खांबांत पुरेसे अंतर हवे आणि खांबाच्या अलीकडे जमिनीवर खडबडीत पांढरी पट्टी हवी, म्हणजे हात-पाय आधीच सावध होतात. आपल्याकडे राखाडी फरशीवर राखाडी खांब उभे राहतात.

जी गोष्ट मोटारीला जाणवतही नाही, ती सायकलीला पाडते. चाकाच्या दिशेला समांतर असलेली दोन-तीन सेंटिमीटरांची कड किंवा गटाराच्या जाळीची उभी फट पुढच्या चाकाला पकडते. हँडल वळत नाही आणि तोल सावरता येत नाही. हीच कड काटकोनात ओलांडली तर नुसता हिसका बसतो. म्हणून जाळीचे गज सायकलीच्या वाटेला आडवे हवेत. प्रत्येक सोसायटीच्या आणि प्रत्येक दुकानाच्या फाटकापाशी मार्ग खाली उतरून पुन्हा वर चढतो, त्या चढउतारांचाही असाच विचार हवा. पण फरशा बसवणाऱ्या ठेकेदाराला हे कोणी सांगितलेले नसते आणि मोजमापाच्या वहीत त्यासाठी रकाना नसतो.

सर्वांत मोठी चूक मात्र मार्ग संपतो तेथे असते. दोन चौकांमधल्या सरळ तुकड्यावर सायकलमार्ग दिमाखात धावतो आणि चौक जवळ येताच नाहीसा होतो. धोका जेथे सर्वांत जास्त, तेथेच संरक्षण संपते. डावीकडे वळणारी बस सरळ जाणाऱ्या सायकलीला आपल्या कुशीत ओढते, ते येथेच. त्यात रस्त्याच्या एकाच बाजूला दुहेरी सायकलमार्ग केला असेल, तर एक नवेच संकट उभे राहते. फिनलंडमधील संशोधकांनी १९९० च्या दशकात हेलसिंकीत मोटारचालकांच्या नजरेचा अभ्यास केला. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात. उजवीकडे वळू पाहणारा चालक डावीकडून येणाऱ्या मोटारींवर नजर ठेवतो आणि उजवीकडून येणाऱ्या सायकलीकडे त्याचे लक्षच जात नाही, असे त्यांना आढळले. आपल्याकडे बाजू बदलतील, माणसाची नजर बदलणार नाही. चालक बेपर्वा होता असे म्हणून हा विषय संपत नाही. ज्या दिशेने कोणी येईल अशी त्याची अपेक्षाच नाही, त्या दिशेने सायकलस्वाराला पाठवण्याचा निर्णय आराखडा करणाऱ्याचा असतो.

अपघात झाला की दोष कोणाच्या माथी जातो, हेही पाहण्यासारखे आहे. प्रथम फेरीवाला. मग रेंगाळणारे पादचारी. मग वाहने लावणारे दुकानदार, आणि शेवटी ‘तोल जाऊन पडला’ असा शेरा मारून खुद्द सायकलस्वार. यांपैकी काहींचे वर्तन निश्चितच चुकीचे असते. पण बसथांबा जेथे आहे तेथे माणसे उभी राहणारच आणि माणसे उभी राहतात तेथे भेळेची गाडी येणारच. ही दोन्ही माणसे नकाशावर नसतील, तर नकाशा अपुरा आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावल्याची केंद्र सरकारची नोंद आहे. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि पावणेपाच हजारांहून अधिक सायकलस्वार. मनगट किंवा मांडीचे हाड मोडून घरी बसलेल्या, रोजगार बुडालेल्या माणसांची गणना तर बहुधा कोठेच होत नाही. मोटार गुंतलेली नसेल, तर पोलिसांत जाणार कोण?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ घालण्यात आले. रस्त्याची रचना, बांधणी व देखभाल यांसाठी जबाबदार असलेला अधिकारी, सल्लागार किंवा ठेकेदार यांनी ठरवून दिलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवले, तर एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. कोट्यवधींच्या निविदेपुढे ही रक्कम किरकोळ आहे हे खरे. परंतु चूक रस्त्याचीही असू शकते, एवढे तरी कायद्याने प्रथमच मान्य केले. या कलमाचा उपयोग सायकलमार्गांच्या बाबतीत व्हायचा असेल, तर पंचनाम्यात खांबाची जागा, कडेची उंची आणि मार्गाची रुंदी लिहिली गेली पाहिजे. त्याला एक मोजपट्टी पुरते.

मुंबईतील दोन अनुभव या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहेत. पवई तलावाकाठचा सायकल आणि धावण्याचा सामाईक मार्ग मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. कारण पाणथळ जागांच्या रक्षणाचे होते. पण घर आणि कचेरी यांना न जोडणारा, केवळ रम्य जागा पाहून आखलेला मार्ग कोणाच्या गरजेचा होता, हा प्रश्न न्यायालयापुढे जाण्याच्या आधीच विचारायला हवा होता. वांद्रे-कुर्ला संकुलातील २०११ चा सायकलमार्ग बहुतांशी मोटारी उभ्या करण्याच्याच कामी आला आणि २०२५ मध्ये तो काढून मोटारींसाठी जागा वाढवण्याचे ठरले. सदोष मार्ग बांधायचा, तो कोणी वापरत नाही म्हणून दाखवायचे आणि मग ती जागा मोटारींना द्यायची, असा हा क्रम आहे. पुण्यातील मार्गांवरही तो ओढवू शकतो.

यावर उपाय महागडे नाहीत. पदपथ आणि सायकलमार्ग यांत पातळीचा स्पष्ट फरक ठेवणे, खांब उपटणे, जाळ्या फिरवणे, चौकात सायकलीची वाट रंगाने व वेगळ्या सिग्नलने पुढे नेणे, ही कामे नव्या उड्डाणपुलाच्या तुलनेत चिल्लर खर्चाची आहेत. ठेकेदाराचे अखेरचे बिल मंजूर होण्यापूर्वी संबंधित अभियंत्याने तो मार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलीवरून, एकदा कचेरी सुटण्याच्या वेळी आणि एकदा पावसाळ्यातील रात्री, पार करावा, अशी अट करारातच घालता येईल. पेठांमधल्या अरुंद रस्त्यांवर मात्र वेगळ्या मार्गाचा अट्टहास सोडलेला बरा. तेथे जागा निघणार नाही. मोटारींचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आत आणला, तर सायकलीला पदपथावर चढवण्याचे कारण उरत नाही आणि पदपथ चालणाऱ्यांकडेच राहतो.