एल्कची सोडत

अ‍ॅरिझोनातल्या शिकाऱ्याला आपला निकाल बँकेकडून कळतो. एल्कच्या शिकारीचे अर्ज भरण्याची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते, आणि पुढच्या काही आठवड्यांत राज्याचे ‘गेम अँड फिश’ खाते सोडत काढते. निकाल जाहीर होण्याआधीच नाव लागलेल्यांच्या क्रेडिट कार्डावरून परवान्याचे पैसे वळते होतात. त्यामुळे एरवी पैसे गेल्याचा मेसेज आला की कपाळाला आठ्या घालणारी माणसे या दिवसांत दहादा मोबाइल उघडून बघतात, आणि पैसे गेलेले दिसले की ऑफिसातच आरोळी ठोकतात. बहुतेकांचे पैसे जातच नाहीत. ते पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरतात, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. चांगल्या भागातला, माजाच्या दिवसांतला नर एल्क हवा असेल तर या रांगेत माणसाचे केस पिकतात.

आणि मिळते काय, तर एक कागद. त्याला तिथे ‘टॅग’ म्हणतात. एक माणूस, एक जनावर, नकाशावरचा एकच विभाग, ठरलेले हत्यार आणि ठरलेल्या तारखा. तेवढ्यात शिकार झाली तर झाली.

एल्क हे हरणांच्या कुळातले दांडगे जनावर. आपल्याकडचा त्याचा जवळचा नातलग काश्मीरचा हंगुल. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर तीनशे-साडेतीनशे किलो भरतो आणि खांद्यापाशी पाच फूट उंच असतो. त्याची शिंगे दर वर्षी हिवाळा सरताना गळून पडतात आणि उन्हाळ्यात मखमली कातडीखाली नव्याने वाढतात. वाढ ऐन भरात असताना एका दिवसात दोन-अडीच सेंटिमीटर! ऑगस्टअखेर ती कातडी झाडांवर घासून काढली की नर लढाईला तयार होतो. दर वर्षी एवढे हाड नव्याने उभारण्यासाठी हा प्राणी स्वतःच्या बरगड्यांमधूनही कॅल्शियम उसने घेतो.

युरोपीय लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत सुमारे एक कोटी एल्क असावेत, असा अंदाज सांगितला जातो. विसाव्या शतकाच्या तोंडावर ते लाखाच्याही खाली आले होते. मांस, कातडी आणि कुरणांत घुसलेली गुरे ही कारणे अपेक्षितच आहेत. एक कारण मात्र चमत्कारिक आहे, ते म्हणजे दात. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन गोल सुळे असतात. क्रो जमातीच्या स्त्रियांच्या पोशाखावर हे दात शेकड्यांनी शिवलेले असत, आणि त्यावरून घरातल्या शिकाऱ्याची कर्तबगारी कळे. पुढे ‘एल्क्स’ नावाच्या बंधुसंघाच्या गोऱ्या सभासदांनी तेच दात घड्याळाच्या साखळीला लटकवायची फॅशन काढली. मग दोन दातांसाठी अख्खे जनावर मारून कुजत टाकणारे लोक निघाले. पूर्वेकडची एल्कची जात संपली. अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या डोंगरांतली ‘मेरियम’ जातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपली.

म्हणजे अ‍ॅरिझोनात आज ज्याच्यासाठी रांगा लागतात तो एल्क मूळचा तिथला नाहीच. १९१३ च्या फेब्रुवारीत यलोस्टोनहून ८३ एल्क आणले आणि चेव्हलॉन क्रीकजवळच्या केबिन ड्रॉ नावाच्या घळीत सोडले. पुढे आणखी काही आले. पाइनच्या दाट रानात, कोणी फारसे न छेडता, ते वाढले. १९३५ मध्ये राज्याने पहिल्यांदा मोजक्या परवान्यांवर शिकार खुली केली. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर पर्यटकांच्या गाड्यांमधून बिनधास्त फिरणारे एल्क याच आणलेल्यांच्या वंशातले. तिथल्या पाण्याच्या नळांचे दांडे नाकाने हलवून पाणी प्यायला ते शिकले, तेव्हा उद्यानाला नळांचा बंदोबस्त करावा लागला. उद्यानात शिकारीला बंदी आहे. पण त्याच रानाला लागून दक्षिणेला ‘युनिट ९’ सुरू होते, आणि तिथला टॅग मिळवण्यासाठी लोक आयुष्यभर अर्ज करतात.

आता ही सोडत. आपल्याकडच्या वाचकाने म्हाडाच्या घरांची सोडत डोळ्यांसमोर आणावी. फरक एवढाच की इथे न लागलेल्याला दर वर्षी एक ‘बोनस पॉइंट’ मिळतो. प्रत्येक विभागातले वीस टक्क्यांपर्यंत टॅग सर्वाधिक पॉइंट असलेल्यांसाठी आधी काढले जातात. उरलेले सगळ्यांसाठी खुले. तिथे संगणक प्रत्येक अर्जाला एक आकडा देतो, शिवाय दर पॉइंटमागे आणखी एक, आणि त्यांतला सर्वांत लहान आकडा त्या अर्जाचा मानतो. आकडा जितका लहान, तितका नंबर वर. म्हणजे वीस पॉइंटवाल्याला एकवीस फासे टाकायला मिळतात आणि नवख्याला एक. पण नवख्याचा तो एकच फासा नेमका पडू शकतो. पहिल्याच अर्जात टॅग लागलेला कॉलेजातला पोरगा आणि अठरा वर्षे कोरडा राहिलेला त्याचा काका, ही जोडी तिथल्या घराघरांत सापडते. काका त्या वर्षी पोराशी नीट बोलत नाही.

शेजारच्या राज्यांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. नेव्हाडा पॉइंटांचा वर्ग करते. युटा निम्मे टॅग जास्त पॉइंटवाल्यांना देते. न्यू मेक्सिको आणि आयडाहो यांनी पॉइंटांची भानगडच ठेवली नाही. दर वर्षी सगळे सारखे. मला विचाराल तर आयडाहोचे बरोबर आहे. पॉइंट ही बक्षिसी वाटते, पण ती साठवणाऱ्यांची संख्या टॅगच्या संख्येपेक्षा फार वेगाने वाढते. दर वर्षी सगळेच एका पायरीने वर चढतात. सर्वांत वरच्या पायरीवरच शंभर माणसे उभी आणि टॅग पाच, अशी गत होते. आज बाराव्या वर्षी पहिला अर्ज भरणाऱ्या मुलाला ती वरची पायरी कधीच गाठता येणार नाही. त्याच्या भरवशाला राहतो तो फासाच.

यात बाहेरच्यांचा वाटा किती, यावरून तर कोर्टकचेऱ्या झाल्या. मोंटानात १९७६ मध्ये नुसत्या एल्कचा परवाना स्थानिकाला ९ डॉलरना मिळे. बाहेरच्याला मात्र २२५ डॉलरचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे. काही शिकारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८ मध्ये न्यायालय म्हणाले, एल्कची शिकार हा करमणुकीचा भाग आहे, मूलभूत हक्क नाही. राज्य भेद करू शकते. अ‍ॅरिझोनाने बाहेरच्यांना नर एल्कचे फक्त दहा टक्के टॅग ठेवले होते. परराज्यातल्या व्यावसायिक शिकारवाल्यांनी त्याला वेगळ्याच बाजूने खिंडीत गाठले. आमच्यासाठी हा धंदा आहे, तेव्हा ही अट आंतरराज्य व्यापारात अडथळा आणते, असा त्यांचा दावा होता. २००२ मध्ये अपील न्यायालयाला तो पटला आणि दोन वर्षांनी ती मर्यादा उठली. स्थानिकांचा संताप एवढा उसळला की २००५ मध्ये काँग्रेसने कायदा करून राज्यांना स्थानिक-परका भेद करण्याची मुभा परत दिली. नर हरणाच्या कागदासाठी देशाची संसद हलली, हे मला अजूनही थोडे गमतीचे वाटते.

या सगळ्यामागची कल्पना साधी आहे. रानातले जनावर जमिनीच्या मालकाचे नाही, राजाचे नाही, सगळ्यांचे आहे आणि राज्य त्याचे विश्वस्त आहे. आपल्याकडे शिकार ही संस्थानिकांची आणि साहेबांची मिरास होती. जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या विदर्भातही, वनखात्याचे ‘शूटिंग ब्लॉक’ परवान्यावर मिळत. पण ते कुणाला मिळत हे सांगायला नको. अमेरिकेच्या या सोडतीत ट्रकचालक आणि सर्जन यांचे आकडे एकाच संगणकातून निघतात.

बहुतेक वेळा निघतात, असे म्हणायला हवे, कारण पैशाने आपल्यासाठी मागचे दार करून घेतले आहेच. दर वर्षी काही विशेष टॅग लिलावात जातात. त्या टॅगवर जवळजवळ वर्षभर, राज्यात जवळपास कुठेही शिकार करता येते, आणि एकेकाची बोली लाख डॉलरच्या पुढे गेलेली आहे. ही रक्कम एल्कच्याच कामी लागते, हे खरे. अपाची जमातींच्या राखीव प्रदेशांची गोष्ट निराळी. तिथल्या रानावर त्यांची सत्ता चालते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेस्कालेरो अपाचींच्या खटल्यात सांगितले की, त्यांच्या प्रदेशात शिकार करणाऱ्या पाहुण्याला राज्याचे नियम लावता येणार नाहीत. अ‍ॅरिझोनातले व्हाइट माउंटन अपाची मोठ्या शिंगांच्या नराची शिकार चढ्या किमतीला विकतात. ज्यांची जमीन पिढ्यान्‌पिढ्या हिसकावली गेली त्यांनी उरलेल्या रानाची किंमत वाजवून घेतली, तर मला त्यात गैर दिसत नाही.

टॅग लागल्यावर खरे काम सुरू होते. मार्च ते सप्टेंबर माणूस नकाशे वाचतो, सुट्टीच्या दिवशी पाणवठे पालथे घालतो, खांद्यावर वजन घेऊन चढण चढायचा सराव करतो. पूर्वी पाणवठ्यांवर स्वयंचलित कॅमेरे लावून घरबसल्या नर हेरता येत. त्या कोरड्या मुलखात एकेका तळ्याकाठी कॅमेऱ्यांची रांग उभी राहू लागली, तेव्हा १ जानेवारी २०२२ पासून राज्याने शिकारीसाठी त्यांचा वापर बंद केला. पाण्याला आलेले जनावर कुठे जाणार? अंगमेहनतीने जेवढे कळेल तेवढेच कळावे, हा न्याय.

सप्टेंबरात मोगोयॉन रिमवर ओळखीच्या एका तिरंदाजाबरोबर मी पहाटे बसलो होतो. हा सुमारे दोनशे मैल लांबीचा कडा. वर सात हजार फुटांवर पाँडेरोसा पाइनचे रान. अजून दिसत काही नव्हते आणि घळीच्या वरच्या अंगाने नराची साद आली. एवढ्या धिप्पाड जनावराचा आवाज घोगरा, खोल असेल अशी माझी समजूत. प्रत्यक्षात तो खालून सुरू होऊन बारीक, तीव्र शिट्टीपर्यंत चढतो, क्षणभर तिथे टिकतो आणि मग घशातल्या खोकल्यासारख्या हुंकारांत उतरतो. हा नर एकाच वेळी दोन आवाज काढतो, गर्जना आणि शिट्टी, असे ध्वनिमुद्रणांच्या अभ्यासातून निघाले आहे. माझ्या सोबत्याने तोंडातल्या पातळ पडद्यावर मादीचा ‘म्याँव’सारखा आवाज काढला. नराने उत्तर दिले, जवळ आला, फांद्या मोडल्याचे ऐकू आले. त्याच्या अंगाला माजाचा, चिखलात मूत्र मिसळून घेतलेल्या लोळणीचा उग्र दर्प असतो. तो आम्हाला आला याचा अर्थ वारा आमच्या बाजूने होता. मग वारा फिरला. उन्हे चढू लागली की घळीतला वारा उलटून वर वाहतो, हे माझ्या सोबत्याला माहीत होते, पण नर घाई करत नव्हता. एकदाच खुरांचा आवाज झाला आणि घळ रिकामी. बाण मारायला साधारण चाळीस पावलांच्या आत जावे लागते. म्हणून पंधरा वर्षांनी लागलेला टॅग कोराच घरी परत आणणारे पुष्कळ असतात.

ज्याला शिकार मिळते त्याला पहिल्यांदा टॅग जनावराला बांधावा लागतो, मग सुरी. सप्टेंबरात दुपारी ऊन तापते. कातडी लवकर उतरवली नाही तर मांस आतून खराब होते. चार फरे, पाठीच्या कण्यालगतचे लांब मऊ मांस, मानेचे तुकडे असे करत मोठ्या नराचे नव्वद-शंभर किलो निव्वळ मांस निघते. ते पाठीवरून गाडीपर्यंत न्यायचे, दोन-तीन मैल, चढावरून, अनेक खेपांत. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे गुन्हा आहे. विकणेही गुन्हा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटता येते, आणि फिनिक्सच्या मराठी घरांतही ते कधीमधी पोचते. चरबी जवळजवळ नसल्याने ते लवकर वातड होते. खिमा करून खाल्लेला बरा.

शिंगांचे मोजमाप हा वेगळाच छंद आहे. बून अँड क्रॉकेट क्लब, ज्याच्या संस्थापकांत थिओडोर रूझवेल्ट होते, इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतो. सममित शिंगांचा विक्रम, ४४२ पूर्णांक ५/८, अ‍ॅरिझोनाच्याच व्हाइट माउंटन्समध्ये १९६८ साली मारलेल्या नराचा आहे. हे आकडे तोंडपाठ असलेली माणसे मी पाहिली आहेत. मला त्यात रस वाटत नाही.

शिकाऱ्यांचा दावा असा की, एल्क परत आले ते आमच्या पैशांनी. तो पोकळ नाही. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा अकरा टक्क्यांपर्यंतचा कर वन्यजीवांकडे वळवला. परवान्याचे पैसे दुसरीकडे वापरणाऱ्या राज्याला त्यातला वाटा मिळत नाही. खंडात आज दहा लाखांच्या आसपास एल्क आहेत. पण हाच एक मार्ग आहे असे कोणी सांगू लागले तर कान्हाचा बारशिंगा पाहावा. १९७० मध्ये तिथे फक्त ६६ उरले होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, कुरणांसाठी हलवलेली गावे आणि कुंपणातले संगोपन यांवर ते शेकड्यांत गेले, आणि एकही टॅग विकावा लागला नाही. हलवल्या गेलेल्या गावांनी त्याची किंमत मोजली, हे मात्र आपण सहसा सांगत नाही.

अ‍ॅरिझोनात आता टॅगशिवाय शिकार करणाराही आहे. मार्च १९९८ मध्ये तिथल्या रानात ११ मेक्सिकन लांडगे सोडले गेले. त्यांचे मुख्य भक्ष्य एल्कच. त्यावरून गुराखी आणि शिकारी दोघेही कुरकुरतात.

टॅग लागला की शिकार होवो न होवो, साठलेले पॉइंट शून्यावर येतात. शिकार-शिक्षणाच्या वर्गाचा एक आणि सलग अर्ज केल्याचा एक, एवढे मात्र राहतात. साठीत टॅग लागलेल्या माणसाला आपला पुढचा नर दिसणार नाही, हे गणिताने कळते. गुडघ्यांनी साथ सोडलेल्यांसाठी कायद्यात एक सोय आहे. आई-वडील किंवा आजी-आजोबा आपला टॅग घरातल्या अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर करून देऊ शकतात. मूल निदान दहा वर्षांचे हवे, आणि चौदाच्या आतले असेल तर त्याने शिकार-शिक्षणाचा वर्ग पास केलेला हवा. आजोबा बरोबर जातात, दुर्बीण धरतात आणि वाऱ्याची दिशा सांगतात.