खर्ज थांबल्यावर

सकाळी 8.30. नेरूळला लोकलमधून उतरते. तळमजल्यावरच्या आमच्या संगीतोपचाराच्या खोलीत पहिलं काम तंबोरा लावण्याचं. मिरजेचा, मर्दानी, काळी एकचा. त्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सूर, साधारण 69 हर्ट्झ. नॉर्वेचे ओलाव स्किल्ले यांनी 1980 च्या सुमारास स्पीकर बसवलेल्या खाटेतून 30 ते 120 हर्ट्झचे स्वर थेट अंगात पोचवायला सुरुवात केली. आपला खर्ज त्यात आपसूक बसतो. तसली खाट आमच्याकडे नाही. लादी कंप देत नाही, म्हणून लाकडी पट्ट्यांवर उचललेली प्लायवूडची फळी.

9.15. मुलं येतात. आधी आयांना विचारायचं : रात्री फिट आली का? नाश्ता कधी झाला? फिट आली असेल तर आज फळी नाही.

10.00. सतरा वर्षांचा मुलगा, अतितीव्र बौद्धिक अक्षमता. बोलत नाही, मुठी छातीशी आवळलेल्या. त्याला फळीवर निजवून शेजारी तंबोऱ्याचा भोपळा टेकवते आणि नुसता खर्ज छेडत राहते. थोड्या वेळाने डावी मूठ सुटते. मग मी थांबते. खरं काम आता. नवे मदतनीस इथे हमखास पुन्हा तार छेडायला जातात. त्यांना शांतता सोसवत नाही. पण आम्हीच वाजवत राहिलो तर त्याने मागायचं कधी? त्याचं मागणं म्हणजे रोखलेला श्वास, कधी पापणी. आज श्वास. लगेच खर्ज! उशीर झाला तर आपल्यामुळे वाजलं हे त्याला कळणार कसं?

11.00. सैलावलेला हात फिजिओथेरपिस्टच्या ताब्यात. इंग्लंडमधल्या हार्परबरी रुग्णालयात टोनी विग्रम यांनी आखडलेल्या स्नायूंवर नुसतं संगीत आणि कंपासह संगीत ताडून पाहिलं. कंपासह हालचाल अधिक मोकळी झाली. असे अभ्यास छोटे आहेत, म्हणून मी आईबापांना मोठाली आश्वासनं देत नाही.

1.00. जेवणं. संगीत बंद. ठसक्याची भीती, लक्ष घशाकडे हवं.

2.30. ऐकू न येणारी मुलगी डग्ग्याला गाल लावून पडते. मी थांबले की डोकं उचलते.

3.30. तिचे बाबा न्यायला येतात. "मॅडम, ही बोलेल का हो?"

"बोलणं नाही सांगता येणार. पण मागते." मोबाइलवर तिचं उचललेलं डोकं दाखवते. ते दोनदा बघतात.

"घरी डग्गा नाही आमच्याकडे."

"वॉशिंग मशीन आहे ना? चालू असताना हात टेकवा तिचा. मध्येच बंद करा आणि थांबा."

"आणि कपडे?"

"वाळतील उशिरा."