भट्टी वेगळी, दुकान वेगळं



मागच्या महिन्यात एका गावात बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि एक ताई म्हणाली, "मॅडम, आम्हाला आडवी बाटली करायचीय. नाल्याकडची हातभट्टी बंद पाडायची."

मी विचारलं, "गावात परवान्याचं दुकान नाही का?"

"आहे की, फाट्यावर बिअर शॉपी आहे. पण ती सरकारमान्य. तिला कोण हात लावणार?"

सख्यांनो, इथंच आपला घोटाळा होतो. हातभट्टी बंद करायला मतदान लागतच नाही, आणि मतदानानं बंद होऊ शकतं ते परवान्याचं दुकान. म्हणून आज हा फरक नीट समजून घेऊ.

दारू हा आपल्या देशात राज्याचा विषय आहे. त्यामुळे राज्य बदललं की कायदा बदलतो. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, बिहारमध्ये २०१६ पासून आहे. शेजारच्या गोव्यात काजूची फेणी परवाना घेऊन पारंपरिक भट्टीवर काढता येते. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा चालतो. पूर्वी त्याला मुंबई दारूबंदी कायदा म्हणत, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. राज्यातही सगळीकडे सारखं नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपूरला ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली.

नाव दारूबंदीचं, मग दुकानं कशी, असं तुम्ही विचाराल. कायद्याची रचनाच तशी आहे. दारू तयार करणं, बाळगणं, वाहून नेणं, विकणं, विकत घेणं हे सगळं आधी मना केलं आहे. मग परवाना असेल तरच त्यातलं काही करायला मोकळीक दिली आहे. दुकानदाराला विकायचा परवाना लागतो आणि पिणाऱ्यालाही प्यायचा परवाना लागतो. त्यात वयाची अटही आहे. सौम्य बिअर आणि वाइनला २१ वर्षं, कडक दारूला २५ वर्षं. फाट्यावर अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं बिअरची बाटली घेऊन निघतं, तेव्हा तिथं कायदा मोडलेला असतो.

आता हातभट्टी. घरात दारू गाळायला कायद्यात मोकळीक नाही. गुळाची असो, मोहाची असो, विकायला असो की घरच्यापुरती, गुन्हा तो गुन्हाच. घरी बिअर बनवणं हेही त्यातच आलं. पेपरात "गूळ-नवसागर मिश्रित रसायन नष्ट केले" अशी बातमी येते, त्याखाली कलम ६५ लिहिलेलं असतं. ते हेच कलम. त्यात तुरुंगवास आहे आणि दंडही आहे.

ही बंदी स्वातंत्र्यानंतरची नाही. इंग्रजांनी १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला. दारू ठरलेल्या ठिकाणीच गाळायची आणि तिच्यावर कर भरायचा, असा त्यांचा हिशोब होता. पुढं मोहाच्या फुलांवरही बंधनं आली. आदिवासींसाठी मोह म्हणजे अन्नही आणि देवाचा नैवेद्यही, पण कायद्याला त्यात दारूच दिसली. फुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंध आपल्या सरकारनं २०२१ मध्ये सैल केले. फुलांचे लाडू करा, विका. घरी दारू गाळणं मात्र आजही गुन्हाच आहे.

हातभट्टीचा खरा धोका पुढंच आहे. ती कुणी तपासत नाही. नशा वाढावी म्हणून किंवा स्वस्त पडावं म्हणून कुणी त्यात कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलं, तर वासावरून, चवीवरून कळत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. हे विष लगेच दिसत नाही. कधी बारा, कधी चोवीस तासांनी पोटात दुखतं, उलट्या होतात, डोळ्यांपुढं धुकं येतं. घरच्यांना वाटतं, उतरली नाही अजून. झोपू देऊ नका, लिंबूपाणी पाजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना काय प्यायला होता ते स्पष्ट सांगा. लाजेपोटी लपवलं तर डोळे जातात, जीवही जातो.

म्हणून हातभट्टी असेल तर पोलीस ठाण्यात किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका. एकटीनं जाऊ नका, गटानं जा. ग्रामसभेत ठराव करून ग्रामरक्षक दल स्थापन करायचीही कायद्यात सोय आहे.

दुकानाची वाट वेगळी. देशी दारूचं दुकान असो, बिअर बार असो की बिअर शॉपी, त्याच्याकडे परवाना आहे. तिथं जाऊन बाटल्या फोडल्या तर गुन्हा आपल्यावर दाखल होईल. पण २००८ च्या आदेशानं आपल्याला मत दिलं आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. आडवी म्हणजे दुकान बंद.

इथं एक गोष्ट गाठीला बांधा. निम्म्याहून जास्त मतं हवीत ती मतदानाला आलेल्या बायकांच्या नाही, यादीतल्या सगळ्या महिला मतदारांच्या. समजा यादीत ८०० नावं आहेत आणि ५०० जणी आल्या. त्यातल्या ३९० जणींनी आडवी केली तरी दुकान चालूच राहतं, कारण ४०१ हव्यात. लग्न होऊन सासरी गेलेली लेक, वारलेली आजी, ऊसतोडीला गेलेली वहिनी, यांची नावं यादीत असली की त्या न येताच उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या जातात. म्हणून आधी यादी घेऊन घरोघर फिरा, गेलेल्यांची नावं रीतसर कमी करून घ्या. आणि ऊसतोडीच्या हंगामात मतदान येईल असा अर्ज देऊ नका. टोळ्या गावात परतल्या की द्या.

आता एक गोष्ट माझ्याबद्दल सांगते. त्या बैठकीत कोपऱ्यात एक मावशी बसल्या होत्या. नाल्याकडची भट्टी त्यांचीच. नवरा गेल्यावर लावलेली. शेळीसाठी म्हणून त्यांनी गटातून कर्ज घेतलं होतं. शेळी काही मला कधी दिसली नाही, पण हप्ता दर महिन्याला वेळेवर यायचा, म्हणून मी विचारलं नाही. त्या दिवशी मावशी एवढंच म्हणाल्या, "शॉपीवाल्याला तुम्ही शेठ म्हणता गं, मला चोर."

मला उत्तर सुचलं नाही. त्याच्या बाटलीवर शिक्का आहे, कर भरलेला आहे, हे खरं. पण संध्याकाळी घरात मार खाणारीला दोन्ही बाटल्या सारख्याच.

त्या बैठकीत गटानं दोन ठराव केले. पहिला, मावशींनी भट्टी मोडायची आणि गटानं त्यांना दोन शेळ्या खरोखर घेऊन द्यायच्या. खरेदीला मी स्वतः बाजारात गेले. दुसरा, बिअर शॉपीसाठी सह्या सुरू करायच्या. पहिली सही मावशींची आहे. नाल्याच्या पलीकडं दुसऱ्या कुणाची भट्टी लागल्याचं ऐकतेय, तिचा अर्ज या आठवड्यात जाईल.

तुमच्या गावात यातलं काय आहे, भट्टी की दुकान, ते पुढच्या बैठकीत आधी ठरवा. मगच अर्ज लिहायला बसा.