पट पाच

‘अगं, हे तर मागचंच वर्ष चाललंय. पोरं पुढच्या इयत्तेत का गेली नाहीत?’

आईने हे विचारलं तेव्हा नेरूळच्या आमच्या घरात ‘नोन नोन बियोरी’ या जपानी चित्रमालिकेचं दुसरं पर्व नुकतंच सुरू झालं होतं. आईने जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली शेवटची अकरा वर्षं संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवर. पडद्यावर शाळा दिसली की ती गोष्टीच्या आधी पट मोजते. या शाळेचा पट पाच. मी ही मालिका आधी दोनदा पाहिली होती, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. वास्तविक दुसऱ्या पर्वाची सगळी किल्ली त्यातच आहे.

जपानी चित्रमालिका म्हटलं की आपल्याकडे डोरेमॉन आणि शिनचॅन आठवतात, आणि घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर तलवारी आणि राक्षस. याहून वेगळी अशी एक शांत शाखा तिथे आहे. तिला ‘इयाशीकेई’ म्हणतात. इयाशी म्हणजे आराम पडणं, दुखणं उतरणं. केई म्हणजे प्रकार. जमिनींचे भाव कोसळून आलेली मंदी, जानेवारी १९९५ मधला कोबेचा भूकंप आणि त्याच वर्षी मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत झालेला विषारी वायूचा हल्ला, या सगळ्यानंतर हा शब्द जपानमध्ये संगीतापासून जाहिरातींपर्यंत जिथे तिथे ऐकू येऊ लागला. या प्रकारच्या मालिकेत खलनायक नसतो, रहस्य नसतं, कुणाला काही जिंकायचं नसतं. पात्रं चहा पितात, बसची वाट पाहतात, पाऊस थांबायची वाट पाहतात.

‘नोन नोन बियोरी’ ही मूळची अत्तो या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकाराची चित्रकथा. ती २००९ ते २०२१ अशी बारा वर्षं मासिकातून चालली. तिच्यावरून सिल्व्हर लिंक या संस्थेने मालिका काढली, दिग्दर्शन शिन्या कावात्सुरा यांचं, पटकथा रेइको योशिदा यांची. पहिलं पर्व २०१३ च्या शरद ऋतूत आलं, बारा भागांचं. पाचवीतली होतारू टोकियोहून डोंगरातल्या एका गावात राहायला येते. होतारू म्हणजे काजवा. शाळेत एकच वर्ग, आणि त्यात पहिलीतली रेंगे, सातवीतली नात्सुमी, आठवीतली कोमारी आणि त्या दोघींचा मोठा भाऊ सुगुरू. हा नववीत आहे आणि कधी एक शब्दही बोलत नाही. काझुहो या एकट्या बाई सगळ्यांना शिकवतात. म्हणजे बहुतेक वेळ टेबलावर डोकं टेकून झोपतात आणि मुलं आपापल्या वह्या सोडवत बसतात. यावर आईचं मत: ‘झोपते ते चूक, पण वह्या देते ते बरोबर. बहुवर्ग अध्यापन म्हणजे तेच. एका इयत्तेला काम लावल्याशिवाय दुसरीकडे वळताच येत नाही.’

पहिलं पर्व वसंतात सुरू होऊन वर्षभराने पुन्हा वसंतापाशी थांबलं. जुलै २०१५ मध्ये दुसरं आलं, त्याचं नाव ‘रिपीट’. दुसरं पर्व म्हणजे पुढची गोष्ट ही आपली ठाम समजूत. इथे मात्र काळ मागे जातो. पहिल्या भागात होतारू गावात आलेलीच नाही, रेंगेचं नाव शाळेत घातलं जातं आहे. मग होतारू येते, आणि तेच वर्ष परत चालू लागतं: मे महिन्याच्या सुट्ट्या, पाऊस, काजवे, उन्हाळा, बर्फ, चेरीचा बहर. प्रसंग मात्र एकही जुना नाही. पहिल्या पर्वाने न दाखवलेले, मधले दिवस आता दाखवले आहेत. एखाद्या घरातला फोटोंचा अल्बम बघून झाल्यावर घरच्यांनी अल्बममध्ये न लावलेल्या फोटोंचं पाकीट पुढे करावं, तसं.

ही करामत साधते कशी? तर पहिल्या पर्वाने घटना फारशा सांगितलेल्याच नाहीत. जिथे लग्न, मृत्यू, परीक्षेचा निकाल असतो ते वर्ष पुन्हा सांगता येत नाही, कारण वाचकाला शेवट ठाऊक असतो. इथे ठाऊक असण्यासारखं काही नाही. पावसाचा भाग घ्या. जपानी मुलं पाऊस थांबावा म्हणून कापडाची किंवा कागदाची बाहुली करून खिडकीत टांगतात, तिला तेरू तेरू बोझू म्हणतात. रेंगे स्वतःच अंगावर कापड घेऊन ती बाहुली होते. आपल्याकडे पाऊस यावा म्हणून धोंडी काढतात. दोन्हीकडे पावसाशी बोलणं मुलांकडेच सोपवलेलं, हे मला गमतीचं वाटलं.

दुसऱ्या पर्वातली मला सगळ्यात खोल वाटलेली गोष्ट भातखाचरातल्या एका इवल्या जिवाची आहे. रेंगे काचेच्या टाकीत ट्रायॉप्स पाळते. पाठीवर ढालीसारखं कवच असलेला हा प्राणी जेमतेम महिना-दोन महिने जगतो. तो मरतोच. रेंगे रडून घर डोक्यावर घेत नाही, पण तिचं गप्प होणं कॅमेरा बराच वेळ पाहत राहतो. पण ट्रायॉप्सची अंडी चिखलात वाळून महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळालं की फुटतात. टाकीत पुन्हा हालचाल दिसते. हा जुनाच जीव नव्हे, हे सहा वर्षांच्या रेंगेला पक्कं माहीत आहे. ‘रिपीट’ या नावाचा अर्थ मला तिथे लागला.

आता आईचा प्रश्न. जपानमध्ये सक्तीचं शिक्षण नववीपर्यंत आणि शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये बदलतं. मालिका सरळ पुढच्या वर्षात गेली असती तर पहिल्याच भागात सुगुरू शाळेतून बाहेर पडला असता आणि पट चारावर आला असता. त्याच्या पुढच्या वर्षी कोमारी, मग नात्सुमी. तीन वर्षांत उरतात रेंगे आणि होतारू. पाचाच्या शाळेत पुढची गोष्ट सांगणं म्हणजे शाळा रिकामी होताना दाखवणं. दुसऱ्या पर्वाने ते टाळलं. प्रेक्षकाला मिळणारा आराम हा या टाळण्यातून आलेला आहे, नुसत्या हिरव्या डोंगरांतून नव्हे.

आणि मालिकेतली शाळा ज्या इमारतीवरून काढली, ती शाळा खरोखरच बंद पडलेली आहे. टोकियोच्या वायव्येला, सैतामा प्रांतात ओगावा नावाचं गाव आहे. तिथला हातकागद २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेला. त्या गावाच्या शिमोझातो भागातल्या शाळेची लाकडी इमारत अजून उभी आहे आणि मालिकेचे चाहते ती बघायला जातात. शिकायला तिथे आता कुणी जात नाही. जपानमध्ये २००२ ते २०२० या काळात साडेआठ हजारांच्या आसपास सरकारी शाळा बंद झाल्या.

आपण यापासून लांब नाही. महाराष्ट्रात २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून अधिक आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी अशा शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले, नमुना म्हणून नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत पुढे ठेवलं. विरोध झाला, चर्चा झाली. वाडीवरचं सहा वर्षांचं मूल ओढा ओलांडून किती लांब चालेल, हा त्यातला साधा प्रश्न. समूह शाळेत खेळायला पुरेशी मुलं असतात, प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळू शकतो, हेही खरं. आईला दोन्ही बाजू पटतात आणि ती वैतागते.

मुलं जातात कुठे, तर आमच्याकडे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उठलं आणि कोकणातली घरंच्या घरं इथे येऊन वसली. इथल्या मूळ आगरी-कोळी गावांची गावठाणं इमारतींच्या मधे राहिली. मालिकेच्या अगदी सुरुवातीला रेंगेला शंका येते की आपण राहतो ते खेडं तर नव्हे? आमच्या गच्चीवरून खाली नेरूळ गावाकडे पाहिलं की ती शंका उलटीही विचारता येते. गावाला आम्ही जातो ते गणपतीत आणि मे महिन्यात. रेंगेची थोरली बहीण हिकागे टोकियोत शिकते आणि सुट्टीत घरी येऊन शहराच्या बढाया मारते. तिच्यात मी माझे मामेभाऊ पाहिले, थोडी स्वतःलाही. चाकरमान्याला गाव नेहमी त्याच पंधरवड्यात भेटतं: तीच आरास, तेच उकडीचे मोदक, तोच चिखल. आमच्यासाठी गाव हे दुसरं पर्वच आहे. मधले महिने तिथे काय होतं, ते पट मोजणाऱ्याला कळतं.

म्हणून या मालिकेला केवळ गोड म्हणणं मला पुरेसं वाटत नाही, आणि खोटी म्हणणंही अन्यायाचं वाटतं. शेतातल्या कष्टांचं, कर्जाचं, म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणाचं तिने जवळजवळ काही दाखवलं नाही. पण वर्ष एकदाच मिळतं हे तिला ठाऊक आहे. एरवी ती त्याच वर्षाकडे इतक्या हट्टाने परत का जाईल?

तिसरं पर्व २०२१ च्या जानेवारीत आलं आणि मार्चमध्ये, शेवटच्या भागात, अखेर एप्रिल उजाडला. सुगुरू शाळेतून बाहेर पडला, एक शब्द न बोलता. गावातली छोटी शिओरी पाठीवर दप्तर घेऊन पहिलीत आली आणि रेंगे एकदम मोठी झाली.

‘म्हणजे पाचच राहिले,’ आई म्हणाली. तिच्या वाडीवरच्या शाळेत शेवटच्या वर्षी चौथीत दोघं होते, पहिलीत कुणीच नव्हतं. थोड्या वेळाने तिने मला दुसऱ्या पर्वातला काजव्यांचा भाग पुन्हा लावायला सांगितला.