परदेशातले एक सत्र आणि वऱ्हाडचा विद्यार्थी

परदेशात शिकायला जाणे म्हणजे तेथील विद्यापीठाची पूर्ण पदवी घेऊन येणे, असाच अर्थ अमरावती-अकोल्याकडील बहुतेक घरांत आजही घेतला जातो आणि त्यामागे मोठी परंपरा आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे एका शेतकरी कुटुंबात १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२० साली इंग्लंडला गेले, एडिंबरोची एम. ए. आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवून, बॅरिस्टर होऊन १९२६ साली परतले. त्यांच्या या शिक्षणापायी घरची शेती गहाण पडली होती. त्या त्यागातून पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि हजारो शेतकऱ्यांच्या मुलांना महाविद्यालयाचे दार उघडले, हे खरे असले तरी, प्रत्येक कुटुंबाला शेती पणाला लावणे शक्य नसते आणि तशी अपेक्षाही करू नये.

याहून वेगळा मार्ग विद्यार्थी-आदानप्रदानाचा आहे. दोन विद्यापीठे परस्परांशी सामंजस्य करार करतात, त्यानुसार एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्याकडे एक किंवा दोन सत्रे शिकतो, शिक्षणशुल्क मात्र आपल्याच विद्यापीठात भरतो आणि पदवीही आपल्याच विद्यापीठाची घेतो. तिकडचे विद्यार्थी त्याच अटींवर इकडे येतात. युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेने ही पद्धत रुळवली. पहिल्या वर्षी ११ देशांतील जेमतेम सव्वातीन हजार विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला होता. आज युरोपातील पदवीधरांच्या दृष्टीने असे एक सत्र परदेशात घालवणे ही सामान्य बाब झाली आहे.

या सगळ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे श्रेयांक, ज्याला महाविद्यालयांत सर्रास क्रेडिट म्हटले जाते. विद्यार्थ्याने एखाद्या विषयासाठी दिलेल्या तासांचे ते माप असते. युरोपीय पद्धतीत एका सत्राला ३० श्रेयांक धरतात, तर भारताच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात साधारण २०; त्यामुळे तिकडचे गुणपत्रक इकडे आणताना आकडे जसेच्या तसे उतरवता येत नाहीत, त्यांचे रूपांतर करावे लागते. आपल्याकडे २०२१ पासून शैक्षणिक श्रेयांक पेढी अस्तित्वात आली असून तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे श्रेयांक खात्यावर जमा होतात. परंतु कोणत्या परदेशी विषयाच्या बदल्यात कोणता देशी विषय माफ होणार, हे ठरवते अभ्यास मंडळ, आणि तेही जाण्यापूर्वी लेखी ठरलेले असणे अत्यावश्यक आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे उदाहरण घेतले तर, बी. एस्सी. (कृषी) च्या शेवटच्या वर्षी ‘रावे’, म्हणजे गावात राहून शेतकऱ्यांबरोबर करायचा ग्रामीण कृषी कार्यानुभव, सक्तीचा असतो आणि त्याला पर्याय ठरेल असा विषय परदेशी विद्यापीठात सापडणे कठीण. म्हणून कृषीच्या विद्यार्थ्याने तिसऱ्या वर्षाचे सत्र निवडणे शहाणपणाचे. हा विचार आधी झाला नाही तर परतल्यावर विषय राहून जातात आणि अख्खे वर्ष वाया जाते.

पैशाचा प्रश्न मात्र तिकडच्या शुल्कमाफीने सुटत नाही. जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याला निर्वाहाची तजवीज दाखवावी लागते आणि त्यासाठी ‘ब्लॉक्ड’, म्हणजे गोठवलेल्या, खात्यात दरमहा ९९२ युरो या हिशेबाने रक्कम आधीच ठेवण्याची पद्धत रूढ आहे. युरोचा दर शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा महिन्यांसाठी ही रक्कम सहा लाखांच्या घरात जाते आणि विमानभाडे वेगळेच. कोरडवाहू कपाशी-सोयाबीनवर चालणाऱ्या घराला ते पेलवणारे नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मोलाची आहे, पण ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर पदवी आणि पीएच. डी. साठी दिली जाते. एका सत्रासाठी जाणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही आणि ही उणीव शासनाने भरून काढायला हवी.

तथापि सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाजू वेगळीच आहे. आदानप्रदान हा दुतर्फा व्यवहार असल्याने आपल्याकडे कोणी येणार नसेल तर आपल्यालाही तिकडे जागा मिळत नाहीत, आणि वऱ्हाडात येऊन शिकण्यासारखे काय आहे, असा प्रश्न विचारणारे बहुधा वऱ्हाडातीलच असतात. वास्तविक मेळघाटात बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातील सर्वांत पश्चिमेकडची भाषा आहे, आणि हे कुळ ऑस्ट्रोआशियाई, म्हणजे खासी व ख्मेर ज्यात मोडतात त्या भाषासमूहातले असल्याने भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला परतवाडा-धारणीच्या पलीकडे अभ्यासाचे मोठे क्षेत्र आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, जिथे विहिरीचे पाणीच खारट असल्याने ओलिताला अडचण येते, हा जगभरच्या मृदाशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय ठरू शकतो. वन्यजीवांच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले तर १९७३ साली व्याघ्र प्रकल्पासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. आणि चांदूर बाजार-मोर्शी परिसरातील रिद्धपूर तर महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र असून, त्या पंथातील गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद अमेरिकन विदुषी ॲन फेल्डहाउस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. ज्या साहित्यासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाचे अभ्यासक आयुष्य वेचतात, ते साहित्य इथल्याच मातीतले आहे. रिद्धपूरलाच आता मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि रिद्धपूरचे विद्यापीठ यांनी मिळून कोरकू, खारपाणपट्टा, मेळघाट आणि महानुभाव साहित्य यांवर परदेशी विद्यार्थ्यांसाठी एकेक सत्राचे अभ्यासक्रम आखावेत, त्यांचे श्रेयांक आधीच जाहीर करावेत आणि त्यांच्या बदल्यात वऱ्हाडच्या मुलामुलींसाठी परदेशी जागा मागून घ्याव्यात.