खडा बसतो, तो हाताला लागलेल्या हत्याराने

लग्नसराई आली, की कपाटातली जुनी अंगठी बाहेर निघते. आजीने आईला दिलेली, आईने मुलीसाठी जपलेली. बोटात घालताना लक्षात येते, मधला पाचू हलतो आहे. मग ती कागदाच्या पुडीत बांधून सोनाराकडे जाते. ‘दोन मिनिटांचे तर काम,’ असे आपण सहज म्हणून जातो. कारागिराचा जीव मात्र ती दोन मिनिटे टांगणीला लागलेला असतो. सोने आटवून पुन्हा घडवता येते. तडकलेला पाचू सांधता येत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात दागिना म्हटला, की आधी चांदी आठवते. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा स्त्रियांच्या दागिन्यांत मान चांदीच्या वजनाला आणि घडणीला. खड्यांचे दागिने अधिक दिसतात ते नंदुरबार-शहाद्यासारख्या बाजारपेठांत. याच जिल्ह्यातून वाहणारी तापी पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते त्या सुरतेत. तिथे यंत्रे भरपूर. पण आजीच्या अंगठीतला खडा सैल झाला, तर तो घट्ट होतो आपल्या गावातल्या पेढीवर, हातानेच.

खड्याभोवतीच्या सोन्याच्या घराला आपण कोंदण म्हणतो. त्या घराची कड खड्यावर दाबून बसवायची, तर हवी एक आखूड पोलादी सळई आणि तिला लाकडी मूठ. ती बाजारात मिळते, पण मिळते तशी वापरली, तर घात होतो. मूठ तळहाताच्या खळग्यात टेकली पाहिजे आणि टोक अंगठ्याच्या जरासेच पुढे यायला हवे. लांब टोक निसटते, म्हणून सळई आपल्या हाताच्या मापाने कापावी लागते. टोकाच्या धारदार कडा घासून गोल करायच्या. तोंड मात्र किंचित खरखरीत ठेवायचे, म्हणजे ते सोन्यावरून घसरत नाही. अंगठा दागिन्यालाच टेकलेला असावा. तोच हाताचा लगाम.

झिजलेली कानसही वाया जात नाही. तापवून मऊ केली, हवा तो आकार दिला, लालभडक करून तेलात बुडवली आणि गवताचा पिवळा रंग चढेपर्यंत पुन्हा हलकेच तापवली, की तिचे नवे हत्यार होते. शेवटचे तापवणे चुकवले, तर ते काचेसारखे तुटते.

हत्यार निवडायचे ते खडा ओळखून. फ्रीड्रिश मोस याने 1812 मध्ये खनिजांच्या कठीणपणाची 1 ते 10 अशी उतरंड लावली. तीत हिरा 10, माणिक व नीलम 9, पाचू साडेसात ते 8. पोलादी कानस साधारण साडेसहा. म्हणजे माणकावर तिचा ओरखडा उठत नाही. ओपल आणि मोत्यावर मात्र उठतो. तिथे पितळेची मऊ सळई बरी. पण कठीण म्हणजे चिवट नव्हे. वेडावाकडा घाव बसला, तर हिराही फुटतो. पाचूच्या पोटात तर जन्मजात चिरा असतात.

म्हणून कड एका बाजूने दाबत जात नाहीत. आधी वर, मग खाली, मग डावीकडे, मग उजवीकडे. दर वेळी थोडेसेच. दागिना हलू नये म्हणून तो तापवलेल्या लाखेत रोवतात. पण मोती, ओपल, पाचू यांना ती ऊब सोसत नाही. त्यांच्यासाठी लाकडी पकड लागते.

आपल्या हाती काय? अंगठी कानाशी नेऊन हलवून पाहावी. बारीक टकटक ऐकू आली किंवा पदराचा धागा अडकू लागला, तर ती घालणे थांबवावे. दुरुस्तीला देताना खडा कोणता, आधी कधी बसवला होता, हे सांगावे आणि घाई करू नये. दागिने आता साच्यातून ढीगभर निघतात; पण जुन्या अंगठीचे माप कोणत्याच साच्यात नसते. हत्यार हाताला लावून घेणारा कारागीर उरला नाही, तर अशा अंगठ्यांची वाट आटणीकडेच जाईल. सोनारानेच कान टोचलेले बरे, असे आपण म्हणतो. कारण त्याला आपली सुई ठाऊक असते.