संत्र्याची साल : मोटारीच्या रंगलेपातील एक पोत आणि त्याचे नाव

नवी कोरी मोटारगाडी उन्हात उभी असता तिच्या दारात पडलेले विजेच्या खांबाचे प्रतिबिंब न्याहाळून पाहावे. आरशात तोच खांब सरळ व रेखीव दिसतो. गाडीच्या दारात मात्र त्याच्या कडा बारीक बारीक थरथरल्यासारख्या भासतात. दारावर हात फिरवला तर पृष्ठ गुळगुळीत लागते आणि चकाकीतही काही उणे नसते. तरीही प्रतिबिंब मोडते, कारण वरच्या लेपावर डोळ्यांना जेमतेम जाणवणारे उंचवटे व खळगे पसरलेले असतात. या पोताला इंग्रजीत 'ऑरेंज पील', म्हणजे संत्र्याची साल, असे म्हणतात. कारखान्यांतील हे नाव आता आपल्याकडील गॅरेजांपर्यंत पोचले आहे, आणि त्याबरोबर तो एक 'दोष' आहे हा समजही पोचला आहे. हा पोत कसा उद्भवतो हे सांगणे आणि त्याला सरसकट दोष म्हणण्यात काय चूक होते हे दाखवणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी मराठीतील शब्दसामग्री पाहू. पृष्ठांच्या वर्णनासाठी आपल्या भाषेत विशेषणांची मुळीच वाण नाही. खरखरीत, खडबडीत, रवाळ, गुळगुळीत, तुळतुळीत हा एक गट. चकचकीत, लखलखीत, झळझळीत हा दुसरा. पहिला गट प्रामुख्याने स्पर्शाचा आहे आणि दुसरा प्रकाशाचा. प्रस्तुत पोताची अडचण अशी की त्याला 'गुळगुळीत' आणि 'चकचकीत' ही दोन्ही विशेषणे लागू पडतात आणि तरीही जे सांगायचे ते राहूनच जाते. प्रकाशशास्त्रात चकाकी आणि प्रतिबिंबाची रेखीवता हे दोन निराळे गुण मानले जातात. पृष्ठ किती प्रकाश एका दिशेने परतवते ही चकाकी. परतलेल्या प्रकाशातील आकृती किती शाबूत राहते ही रेखीवता. दुसऱ्या गुणासाठी आपल्याजवळ रुळलेले विशेषण नाही. जेथे विशेषण अपुरे पडते तेथे भाषा उपमेचा आश्रय घेते, आणि संत्र्याची साल ही तशीच घेतलेली उपमा आहे.

आता या पोताच्या उत्पत्तीकडे वळू. महाराष्ट्रात पिंपरी, चाकण, नाशिक येथे मोटारी तयार होतात. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि तेथे पत्रा दाबण्यापासून रंगकाम व जुळणीपर्यंतची कामे एकाच आवारात होतात. आधुनिक कारखान्यातील रंगकामाची सर्वसाधारण रीत अशी : पत्र्याचा सांगाडा प्रथम स्वच्छ करून रासायनिक द्रावणातून काढतात, नंतर तो कुंडात बुडवून विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर बसवतात, त्यावर अस्तराचा थर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक लेप येतो. या सर्वांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १३० मायक्रॉन भरते. तीत पारदर्शक लेपाचा वाटा सुमारे ४० ते ५० मायक्रॉनांचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय.

वरचा लेप यंत्रमानवाच्या हातातील, मिनिटाला कित्येक हजार फेरे घेणाऱ्या घंटेसारख्या चकतीवरून फवारला जातो. चकतीच्या कडेवरून सुटणारे थेंब मायक्रॉनांच्या काही दशकांएवढे असतात आणि त्यांना विद्युत्भार दिलेला असल्याने ते पत्र्याकडे ओढले जातात. थेंब एकमेकांत मिसळून सलग थर होतो खरा, परंतु पहिल्या क्षणी तो थर उंचसखलच असतो. त्यानंतर जे घडते ते द्रवाच्या दोन गुणांमधील झुंजीवर अवलंबून असते. पृष्ठताण हा थर सपाट करू पाहतो. श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, त्या हालचालीस विरोध करते. दरम्यान विद्रावक उडून जात असतो, श्यानता वाढत असते. पुढे सुमारे १४० अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत लेप क्षणभर पातळ होतो, मग त्याचे रेणू एकमेकांना जखडले जातात आणि त्या घटकेला जो आकार असेल तो कायमचा ठरतो. संत्र्याच्या सालीसारखा दिसणारा पोत म्हणजे ही अपुरी राहिलेली सपाटी होय.

सपाट होण्यास किती वेळ लागतो याचे गणित एस. ई. ऑर्चर्ड यांनी १९६२ साली मांडले. त्याचा सारांश असा : लागणारा वेळ श्यानतेच्या सम प्रमाणात आणि पृष्ठताणाच्या व्यस्त प्रमाणात असतो, तो लाटेच्या लांबीच्या चतुर्थ घाताने वाढतो आणि थराच्या जाडीच्या घनाने घटतो. लाट दुप्पट लांब असेल तर सोळापट वेळ हवा. थर दुप्पट जाड असेल तर आठव्या हिश्श्याने वेळ पुरतो. यावरून बारीक खाचा प्रथम विरून जातात आणि लांब, संथ लाटा मागे का उरतात याचा उलगडा होतो. गाडीच्या लेपाची परीक्षा करणारी यंत्रेही दशांश मिलिमीटरपासून काही मिलिमीटरपर्यंतच्या लाटा लांबीनुसार निरनिराळ्या मोजतात. कारण हातभर अंतरावरून डोळ्यांना एक ते तीन मिलिमीटरच्या लाटा विशेष जाणवतात, तर दोन-तीन मीटरांवरून त्याहून लांब लाटा नजरेत भरतात.

मग थर जाड का देऊ नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर त्याच गणितात आहे. उभ्या दारावर लेप स्वतःच्या वजनाने खाली वाहू लागतो आणि हा ओघही जाडीच्या घनानेच वाढतो. जी जाडी लेपाला सपाट करते तीच त्याला ओघळवते. लेप पातळ करून श्यानता उतरवावी, तर सपाटी साधते पण ओघळ येतात. श्यानता वाढवावी, तर ओघळ थांबतात पण लाटा गोठून राहतात. एकाच गाडीच्या आडव्या टपाचा पोत तिच्या उभ्या दारांहून बहुधा नितळ असतो, त्याचे मुख्य कारण हेच. तात्पर्य, कारखान्यातून आलेल्या गाडीवरील मर्यादित व सर्वत्र सारखा पोत हा हलगर्जीपणाचा पुरावा नव्हे. ओघळ टाळण्यासाठी जाणूनबुजून दिलेली ती किंमत आहे.

पोत उद्भवण्याचा आणखी एक मार्ग आहे. विद्रावक उडून जाताना थराचा वरचा भाग थंड होतो आणि त्याची संहती बदलते. त्यामुळे पृष्ठताण ठिकठिकाणी कमीजास्त होऊन द्रव कमी ताणाकडून अधिक ताणाकडे ओढला जातो आणि थरात लहान लहान अभिसरणकोश तयार होतात. हेन्री बेनार यांनी १९०० साली असे कोश प्रयोगाने दाखवले, आणि पातळ थरात त्यांचे मूळ पृष्ठताणात आहे हे जे. आर. ए. पिअर्सन यांनी १९५८ साली सिद्ध केले.

हे सर्व परभणीच्या संदर्भात पाहिले म्हणजे विषयाचे व्यावहारिक अंग स्पष्ट होते. उसाच्या ट्रॉलीने घासलेले दार दुरुस्त करणाऱ्या रंगाऱ्याजवळ ना भट्टी असते ना तापमान राखलेली खोली. त्याच्याजवळ कंप्रेसर, गन आणि थिनर असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. अशा हवेत थिनर इतक्या वेगाने उडतो की थेंब दारावर पोचेपर्यंतच दाट होतात आणि पसरण्यापूर्वीच बसतात. म्हणून जाणता रंगारी सकाळची वेळ साधतो, सावकाश उडणारा थिनर वापरतो आणि गनचे अंतर व हवेचा दाब सांभाळतो. मात्र त्याची खरी कसोटी निराळीच आहे. त्याने ते दार घासून व पॉलिश करून आरशासारखे नितळ केले, तर शेजारच्या कारखानी दारापुढे ते उपरे दिसते आणि गाडी दुरुस्त झाल्याची साक्ष देते. जुनी गाडी पारखणारा मनुष्य दोन दारांतील प्रतिबिंबे ताडून पाहतो ती यासाठीच. येथे सपाटी हाच दोष ठरतो, आणि शेजारच्या दाराशी जुळणारी साल उमटवणे हे कौशल्य ठरते.

याउलट 'दोष' हा शब्द ऐकून नव्या गाडीचा मालक कारखानी पोत घासून काढण्याचा आग्रह धरतो, तेव्हा हानी होते. पारदर्शक लेपातच जंबुपार किरण शोषून घेणारी द्रव्ये असतात. ४०-५० मायक्रॉनांच्या त्या लेपातून जे काही घासले जाते ते पॉलिशने परत येत नाही, आणि मराठवाड्याच्या उन्हात ती उणीव पुढे रंग फिका पडण्याच्या किंवा लेप सुटण्याच्या रूपाने प्रकट होऊ शकते. चुकीच्या वर्गात घातलेले नाव केवळ कोशातच चुकत नाही. ते पत्र्यावरही चुकते.

उपमेविषयी आता दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की उपमान त्या त्या देशाच्या फळबागेतून येते. फ्रेंचमध्ये संत्र्याच्या त्वचेचीच उपमा आहे. परंतु जपानी रंगारी 'युझु-हादा' म्हणतात, म्हणजे युझु या त्यांच्या खडबडीत सालीच्या आंबट फळाची त्वचा. मराठवाड्यातील रंगाऱ्याने 'मोसंबीची साल' म्हटले असते तरी ते तितकेच यथार्थ झाले असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उपमा रूप सांगते, कारण सांगत नाही. खऱ्या सालीवरील ठिपके तेलाच्या ग्रंथींचे असतात. रंगलेपात तसे काही नसते. वैद्यकात स्तनाच्या कर्करोगातील एका लक्षणाला हेच फ्रेंच नाव आहे. तेथे सुजलेल्या त्वचेत केसांच्या मुळाशी खळगे पडतात. धातुशास्त्रातही हेच नाव आढळते : मोठ्या कणांचा पत्रा ताणला असता त्याचे पृष्ठ असेच उंचसखल होते. म्हणजे एकाच दारात एक साल पत्र्याची आणि दुसरी लेपाची असू शकते. लेपाची साल घासून जाते. पत्र्याची साल नव्या लेपातूनही पुन्हा डोकावू शकते. शिकाऊ रंगाऱ्याला दोहोंसाठी एकच शब्द दिला, तर तो वरचेवर घासत राहील आणि कारणापर्यंत पोचणार नाही.

म्हणून पुढील सूचना विचारार्थ मांडतो. आपल्या भाषेत कापडाच्या विणीसाठी 'पोत' हा सुंदर व तटस्थ शब्द आहे. पोत भरड असेल वा तलम, तो दोष नसतो. तो वस्तूचा गुणविशेष असतो. त्यावरून या रूपाला 'सालपोत' म्हणावे आणि उत्पत्ती सांगण्यासाठी 'लेपातील सालपोत' व 'पत्र्यातील सालपोत' असा भेद करावा. 'दोष' हा शब्द, सालपोत प्रमाणाबाहेर जाईल किंवा शेजारच्या भागाशी जुळणार नाही, तेवढ्यापुरताच राखून ठेवावा. गॅरेजातील मंडळी 'ऑरेंज पील' म्हणत असतील तर त्यांना अडवण्याचे कारण नाही. चालता शब्द मोडून नवा लादणे हे परिभाषेचे काम नव्हे. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यासाठी जेव्हा मराठी पाठ लिहिला जाईल, तेव्हा त्यात फळाच्या नावाबरोबर थराची जाडी, श्यानता आणि ओघळ यांचा परस्परसंबंधही यावा. शब्द शिकवताना त्यामागील कारण हातून निसटू न देणे, हेच परिभाषा घडवणाऱ्याचे खरे कर्तव्य होय.